चुनखडी, बोल आणि जांभा : पुरामृदांतून प्राचीन हवामानाचा शोध

गगनबावड्यापासून शिरोळपर्यंत कोल्हापूर जिल्ह्याचा आडवा पट्टा जेमतेम शंभर किलोमीटरचा आहे. गगनबावड्याला वर्षाकाठी ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, कोल्हापूर शहरात १,००० मिलिमीटरच्या आसपास आणि शिरोळकडे त्याच्या जवळपास निम्मा. पावसाबरोबर पायाखालची जमीनही बदलत जाते. घाटमाथ्यावर तांबडी माती आणि जांभा आढळतो. कोल्हापूर शहरातल्या मंगळवार पेठेसारख्या जुन्या वस्तीत घराचा पाया खणताना शतकानुशतकांचा भराव संपला की काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि मग काळा पाषाण लागतो. शिरोळ-हातकणंगल्याकडे काळी पुरुषभर खोल होते, तिच्यात चुनखडीचे खडे दिसू लागतात आणि सखल जागी जमीन चोपण होते. या सगळ्या मातीचा मूळ दगड मात्र एकच, दख्खनचा बेसाल्ट. दगड तोच असताना तांबडी, काळी आणि चुनखडीची अशा तीन जमिनी तयार झाल्या, त्या मुख्यतः पावसातील फरकामुळे.

प्राचीन हवामानाचा मातीतून होणारा शोध याच संबंधावर उभा आहे. आजच्या पावसावरून मातीचा अंदाज करता येत असेल, तर गाडल्या गेलेल्या मातीवरून त्या काळच्या पावसाचाही करता आला पाहिजे. लाव्ह्याखाली, नदीच्या गाळाखाली किंवा राखेखाली दबून टिकलेल्या अशा मातीला पुरामृदा म्हणतात. हा उलटा प्रवास सोपा नाही. हान्स जेनी या मृदाशास्त्रज्ञाने १९४१ साली माती घडवणारे पाच घटक मांडले : हवामान, सजीव, भूरचना, मूळ दगड आणि काळ. पाचांपैकी चार ठाऊक असतील किंवा स्थिर धरता येत असतील, तरच पाचव्याविषयी खात्रीने बोलता येते. महाराष्ट्राची जमेची बाजू ही की इथे मूळ दगड शेकडो किलोमीटर जवळपास सारखाच आहे. अडचणही त्याच दगडात आहे. ती पुढे येईल.

पुरामृदा ओळखणे हे पहिले काम. लाल दिसणारा प्रत्येक थर माती नसतो. मुळांच्या नळ्या, किडे-गांडुळांची बिळे, वरून खाली बदलत जाणारे थर आणि मातीची ढेकळी घडण या खुणा एकत्र आढळल्या, तरच त्या जागी एकेकाळी उघडी जमीन होती असे म्हणता येते. काळ्या जमिनीची खूण तर शेतकऱ्याच्या ओळखीची आहे. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसात ती फुगते आणि फुगताना ढेकळे एकमेकांवर घासून त्यांच्या बाजू चकचकीत होतात. हे घासलेले पृष्ठभाग कोट्यवधी वर्षे टिकतात. ते सापडले की त्या ठिकाणी वर्षातून एकदा ओले आणि एकदा कोरडे असे ऋतुचक्र होते, हे कोणत्याही रासायनिक चाचणीआधीच कळते. रंगावर मात्र फार विसंबू नये. सेंद्रिय अंश गाडला गेल्यावर लवकर नाहीसा होतो आणि लोहाची संयुगे पुढे बदलतात. मूळची काळी माती आज तपकिरी किंवा लाल दिसू शकते.

यानंतर रसायनशास्त्राचे काम सुरू होते. दगड कुजतो तेव्हा त्यातील सगळे घटक एकाच वेगाने वाहून जात नाहीत. सोडियम, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम आधी धुऊन निघतात, सिलिका हळूहळू जाते, तर अ‍ॅल्युमिनियम, लोह आणि टायटॅनियम जागीच राहतात. पाऊस जितका जास्त, तितकी मागे राहणाऱ्यांची टक्केवारी वाढते. नेस्बिट आणि यंग यांनी १९८२ साली यावरून ‘रासायनिक अपक्षय निर्देशांक’ तयार केला. अ‍ॅल्युमिनियम, कॅल्शियम, सोडियम व पोटॅशियम यांच्या ऑक्साइडांच्या एकूण रेणूंत अ‍ॅल्युमिनियमचा वाटा किती टक्के, एवढेच तो सांगतो. ताज्या बेसाल्टमध्ये हा आकडा ३० ते ४५ असतो, काळ्या मातीतील स्मेक्टाइट या खनिजात ७०-८५ आणि जांभ्याखालच्या पांढऱ्या केओलिनाइटमध्ये १०० च्या जवळ. पोटॅशियम गाडल्या गेलेल्या मातीत बाहेरून शिरते, म्हणून पुरामृदांसाठी ते वगळून हिशोब करतात. शेल्डन, रिटॅलॅक आणि तानाका यांनी २००२ साली अमेरिकेतील आजच्या मातींवरून या निर्देशांकाचे वार्षिक पावसाशी समीकरण बसवले. निर्देशांकाला ०.०१९७ ने गुणायचे, ‘ई’ या स्थिरांकाचा तेवढा घात घ्यायचा आणि त्याला २२१.१२ ने गुणायचे. उत्तर मिलिमीटरमध्ये येते आणि त्यात १८१ मिलिमीटरची चूक गृहीत धरलेली असते.

हे समीकरण जगभर वापरले जाते. कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिम भागात मात्र त्याची मर्यादा लगेच उघडी पडते. निर्देशांक १०० च्या वर जाऊ शकत नाही आणि १०० घातला की उत्तर येते सुमारे १,५८५ मिलिमीटर. गगनबावड्याचा आजचा पाऊस त्याच्या तिपटीहून अधिक आहे. म्हणजे पुढेमागे गगनबावड्याची माती गाडली गेली आणि लाखो वर्षांनी कुणी तिला हे सूत्र लावले, तर पावसाचा दोन-तृतीयांशाहून मोठा भाग उत्तरातून गळून पडेल. एकदा सगळे धुण्याजोगे घटक धुतले गेले की अधिक पावसाची नोंद करायला मातीत काही शिल्लकच राहत नाही. काळ्या जमिनींसाठी नॉर्ड्ट आणि ड्रीस यांनी २०१० साली कॅल्शियम-मॅग्नेशियमवर आधारलेला वेगळा निर्देशांक दिला. तो टेक्सासच्या गाळाच्या जमिनींवर बसवलेला आहे, तर दख्खनच्या बेसाल्टमध्ये हे दोन्ही घटक मुळातच भरपूर असतात. त्यामुळे तोही इथे जसाच्या तसा लावणे योग्य नाही. मातीच्या रसायनावरून तापमान काढण्याची सूत्रेही आहेत, पण त्यांतील प्रसिद्ध सूत्राची चूक ४.४ अंश सेल्सिअस आहे. हवामानबदलाच्या चर्चेत दोन अंशांचा फरक निर्णायक ठरत असताना एवढ्या चुकीचे सूत्र फारसे उपयोगी पडत नाही.

पावसाचा सर्वांत विश्वासू साक्षीदार म्हणजे चुनखडी. शेतकऱ्याला ती नकोशी असते. उसाला आणि फळबागेला ती बाधते, नांगराच्या फाळाला लागते. पण कमी पावसाच्या जमिनीत पाणी जेवढे खोल मुरते, साधारण तेवढ्याच खोलीवर विरघळलेला चुना गोळा होऊन त्याचे खडे बनतात. कमी पावसात ते वर राहतात, जास्त पावसात खाली जातात, आणि पाऊस हजार मिलिमीटरच्या बराच पुढे गेला की बहुधा बनतच नाहीत. रिटॅलॅक यांनी या खोलीचेही समीकरण दिले आहे. त्यानुसार खड्यांचा थर १०० सेंटिमीटरवर असेल तर पाऊस सुमारे ६५० मिलिमीटर आणि ६० सेंटिमीटरवर असेल तर सुमारे ४८० मिलिमीटर निघतो. चूक १४७ मिलिमीटरची. खडे असलेला थर जाड असेल तर पाऊस ठरावीक महिन्यांत एकवटलेला होता, असेही त्यावरून मांडले जाते. गाडल्यानंतर माती दबून तिची जाडी घटते आणि वरचा थर कधी वाहून गेलेला असतो. या दोन्ही गोष्टींचा हिशोब धरला नाही, तर पाऊस प्रत्यक्षापेक्षा कमी निघतो.

चुनखडीचे मोल एवढ्यावर संपत नाही. तिच्यातील कार्बन हा जमिनीतील हवेतून, म्हणजे मुख्यतः मुळांच्या आणि कुजणाऱ्या पाल्याच्या श्वासातून आलेला असतो. वनस्पतींचे दोन मोठे गट प्रकाशसंश्लेषणाच्या पद्धतीवरून पडतात. झाडे, भात, गहू हे सी-३ गटात, तर ऊस, मका, जोंधळा आणि उष्ण माळरानावरची बहुतेक गवते सी-४ गटात येतात. कार्बनच्या जड आणि हलक्या समस्थानिकांचे प्रमाण दोन्हींत वेगळे असते. मोजमापाच्या भाषेत सी-३ चा आकडा दर हजारी उणे २७ च्या आसपास, सी-४ चा उणे १२-१३. (मधात उसाची साखर मिसळली आहे का, हे प्रयोगशाळेत याच फरकावरून ओळखतात.) मातीतल्या चुनखडीत हा आकडा १४ ते १७ ने वर सरकतो, पण दोन गटांमधले अंतर कायम राहते. मूठभर खड्यांवरून त्या जमिनीवर जंगल होते की गवताळ माळ, हे त्यामुळे सांगता येते.

या पद्धतीचे उपखंडातील सर्वांत गाजलेले उदाहरण हिमालयाच्या पायथ्याच्या शिवालिक थरांचे आहे. क्वेड, सर्लिंग आणि बोमन यांनी १९८९ साली पाकिस्तानातील पोटवार पठारावरच्या पुरामृदा तपासल्या. सुमारे ७०-७५ लाख वर्षांपूर्वी तिथली चुनखडी जंगलाच्या आकड्यावरून गवताच्या आकड्याकडे झपाट्याने सरकलेली दिसली. मोसमी पाऊस बळावल्यामुळे हे घडले, असा त्यांचा पहिला अर्थ होता. पुढे असाच बदल जगाच्या इतर भागांतही त्याच सुमारास आढळला, तेव्हा हवेतील कार्बन डायऑक्साइड घटल्याने सी-४ गवतांना फायदा झाला, हे स्पष्टीकरण पुढे आले. मोजमाप तेच राहिले, अर्थ बदलला. पुरामृदांचे निष्कर्ष वाचताना हा अनुभव हाताशी ठेवावा.

सर्लिंग यांनी चुनखडीवरून हवेतील कार्बन डायऑक्साइड मोजण्याची पद्धतही बसवली. जमिनीतील हवेत काही वाटा वातावरणातून झिरपलेला असतो. त्याची छाप खड्यांत उतरते आणि त्यावरून वातावरणातील प्रमाण काढता येते. जबलपूर परिसरातील लामेटा थरांतील चुनखडीवर अँड्र्यूज, टंडन आणि डेनिस यांनी १९९५ साली हा प्रयोग केला. क्रिटेशियस काळाच्या अखेरीस हवेतील कार्बन डायऑक्साइड आजच्या दुपटी-तिपटीच्या आसपास होता, असे त्यातून निघाले. मात्र २०१० साली ब्रेकर आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले की चुनखडी प्रामुख्याने उष्ण, कोरड्या दिवसांत बनते आणि त्या दिवसांत जमिनीतील कार्बन डायऑक्साइड गृहीत धरला जातो त्याच्या साधारण निम्माच असतो. उत्तर या गृहीतकाच्या सम प्रमाणात बदलते. म्हणून जुने आकडेही त्याच मापाने खाली आणावे लागतात. चुनखडी ज्या तापमानाला बनली ते थेट मोजण्याची पद्धतही आता हाती आली आहे. जड कार्बन आणि जड ऑक्सिजन एकाच रेणूत किती वेळा एकत्र आले, हे त्यात मोजतात. थंडीत ते अधिक वेळा एकत्र येतात. २००६ साली ही पद्धत मांडणाऱ्या संशोधकांत पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत काम करणारे प्रसेनजित घोष आघाडीवर होते.

लामेटा थर महाराष्ट्रातही आहेत. चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा आणि डोंगरगाव ही त्यांची नामांकित ठिकाणे. दख्खनचा लाव्हा पसरण्याच्या सुमारास इथे पूरमैदाने आणि उथळ तळी होती, आणि त्यांच्या काठच्या मातीवर डायनोसॉर वावरत होते. पिसदुऱ्याच्या अश्मीभूत विष्ठेत वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग, हबीब अलीमोहम्मदियन आणि अशोक साहनी यांना २००५ साली गवताचे सिलिकाकण सापडले. गवत डायनोसॉरांच्या नंतर आले, ही तोवरची समजूत त्याने मोडली. बंदना सामंत आणि धनंजय मोहबे यांनी याच भागातील थरांमधले परागकण अभ्यासले. अशा जोड पुराव्याशिवाय मातीच्या रसायनाचा अर्थ अपुरा राहतो. माती पावसाची मात्रा सांगते, पण त्या पावसावर काय उगवले होते ते पराग आणि सिलिकाकण सांगतात.

लाव्हा एका दमात आला नाही. दोन प्रवाहांच्या मध्ये जो निवांत काळ गेला, त्यात वरचा दगड कुजला आणि पुढच्या प्रवाहाखाली गाडला गेला. हे पातळ थर घाटरस्त्यांच्या कापात लाल पट्ट्यांसारखे दिसतात. भूशास्त्रात त्यांना ‘बोल’ म्हणतात. काही सेंटिमीटरपासून काही मीटरपर्यंत जाडीचे, बहुतेक लाल, क्वचित हिरवे किंवा तपकिरी. पुण्याच्या परिसरातील बोल आणि आजची माती यांची तुलना एम. आर. जी. सय्यद आणि एस. एम. हुंडेकरी यांनी २००६ साली प्रसिद्ध केली. त्यानंतर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातही बोलांच्या खनिजांवर आणि चुंबकीय गुणधर्मांवर काम झाले. बहुतेक बोलांत स्मेक्टाइट प्रमुख आढळते, म्हणजे दगड अर्धवटच कुजलेला. त्यावरून कोरडे किंवा निमकोरडे हवामान सांगितले जाते.

हा निष्कर्ष जपून स्वीकारावा. अर्धवट कुजणे हे कमी पावसाचे लक्षण असू शकते, तसेच कमी वेळाचेही. पुढचा प्रवाह हजार वर्षांत आला असेल, तर गगनबावड्याच्या पावसातही दगड पुरता कुजणार नाही. शिवाय तापलेल्या लाव्ह्याने खालची माती भाजून काढली. विटभट्टीत पिवळसर माती लाल होते, तसा मातीतल्या गोएथाइट या लोहखनिजाचा हेमॅटाइट झाला. त्यामुळे बोलाचा लाल रंग पावसाचा पुरावा धरता येत नाही. पुढे दगडांतून फिरलेल्या गरम पाण्याने भेगांत झिओलाइट आणि कॅल्साइट भरले आणि धुऊन गेलेले कॅल्शियम-सोडियम पुन्हा आत आणून सोडले. काही बोलांत वाऱ्याने आलेली ज्वालामुखीची राखही आहे. हीच राख दुसऱ्या कामात मात्र फार मोलाची ठरली. तिच्यातील झिरकॉनचे स्फटिक वेचून ब्लेअर शोन आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली पश्चिम घाटातील लाव्ह्याचे वय ठरवले. मुख्य उद्रेक क्रिटेशियसच्या अंताआधी सुमारे अडीच लाख वर्षे सुरू झाला आणि साडेसात लाख वर्षे चालला, असे त्यातून निघाले. हवामानाचा साक्षीदार म्हणून बोल कच्चा आहे, कालमापक म्हणून पक्का.

लाव्ह्याच्या थरांच्या उतरंडीत कोल्हापूरजवळच्या पन्हाळ्याचे नाव कायमचे कोरलेले आहे. महाबळेश्वर शैलसमूहाच्या वरच्या थरांना पन्हाळा शैलसमूह म्हणतात आणि त्याच्याही वरच्या थरांना बेळगावजवळच्या देसूर गावाचे नाव आहे. पन्हाळ्यावर आणि शेजारच्या मसाई पठारावर या लाव्ह्याच्या माथ्यावर जांभ्याचे जाड कवच आहे. जांभा म्हणजे अपक्षयाची परमावधी. सिलिका आणि धुण्याजोगे सगळे क्षार निघून गेलेले, लोह आणि अ‍ॅल्युमिनियम तेवढे उरलेले. अ‍ॅल्युमिनियम फारच साचले तिथे बॉक्साइट झाले. राधानगरी, शाहूवाडी आणि चंदगड तालुक्यांतील बॉक्साइट याच प्रक्रियेतून आले. मलबारात ताजा कापता येणारा आणि हवेत कडक होणारा हा दगड पाहून फ्रान्सिस बुकानन यांनी १८०७ साली त्याला ‘लॅटेराइट’ हे नाव दिले. कोकणातल्या गवंड्याला चिऱ्याचा हा गुण त्याआधीपासून ठाऊक होता.

माथ्यावरचा हा जांभा आजच्या पावसाने बनलेला नाही, हे सीमेपलीकडचे बीदर चांगले दाखवते. तिथे वर्षाला ९०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तरीही बेसाल्टवर जांभ्याची जाड टोपी आहे. बीदरच्या करेज या जुन्या भुयारी कालव्यांचे पाणी त्याच जांभ्यातून येते. २००४ साली किसाकुरेक, विडोसन आणि जेम्स यांनी तिथल्या उभ्या छेदातील लिथियमची समस्थानिके मोजली. वरच्या भागात वाऱ्याने आलेल्या बाहेरच्या धुळीचा अंश त्यांना आढळला. म्हणजे ज्याला पूर्णपणे जागचा मानावे, अशा जांभ्यातही परकी भर पडलेली असते. श्मिट, प्रसाद आणि रामम यांनी १९८३ साली चुंबकीय दिशांवरून दाखवले की उंचावरचा जांभा लाव्ह्यानंतर लवकरच, तर कोकणातला सखल जांभा पुष्कळ नंतर तयार झाला. दक्षिण भारतातील मँगनीज खनिजांवरची आर्गॉन कालमापने इओसीन आणि ऑलिगोसीन काळांतील अपक्षयाचे टप्पे दाखवतात. या काळात भारत एका जागी नव्हता. लाव्हा पसरला तेव्हा दख्खन विषुववृत्ताच्या दक्षिणेला होते आणि नंतर उत्तरेकडे सरकताना ते विषुववृत्ताच्या सदापावसाळी पट्ट्यातून गेले. तेव्हा पन्हाळ्याच्या जांभ्यात जगाचे हवामान बदलल्याची नोंद आहे तशीच जमीन एका हवामानातून दुसऱ्या हवामानात गेल्याचीही आहे. या दोन नोंदी वेगळ्या काढणे अजून पुरते साधलेले नाही.

काळी जमीनही दिसते तेवढी आजची नाही. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरोमध्ये काम केलेल्या डी. के. पाल, तपस भट्टाचार्य आणि सहकाऱ्यांचे म्हणणे असे, की निमकोरड्या पट्ट्यातील आजच्या पावसात एवढे स्मेक्टाइट तयारच होऊ शकत नाही. ते आधीच्या दमट काळात बनले आणि कोरड्या काळात टिकून राहिले. वर चुनखडी साचत गेली ती नंतरची. म्हणजे एकाच शेतात दोन हवामाने एकावर एक लिहिलेली आहेत. सूक्ष्मदर्शकाखाली खड्यांच्या कडा पाहून जागी बनलेली चुनखडी आणि वाहून आलेली चुनखडी वेगळी करता येते. ही छाननी न करता केलेले समस्थानिकांचे मोजमाप दिशाभूल करते.

शेवटच्या लाखभर वर्षांसाठी प्रवरा, भीमा, घोड आणि कुकडी यांच्या उंच काठांचा आधार आहे. डेक्कन कॉलेजचे शरद राजगुरू आणि पुणे विद्यापीठाचे विश्वास काळे यांनी १९८७ साली या नद्यांच्या गाळाचा इतिहास मांडला. शेवटच्या हिमयुगाच्या कोरड्या काळात दुबळ्या पावसामुळे नद्या गाळाने भरत गेल्या, त्या गाळात चुनखडी साचली, आणि पुढे पाऊस बळावल्यावर त्याच नद्यांनी आपले पात्र खोल कापले. कुकडीकाठच्या बोरी इथल्या ज्वालामुखी राखेचे वय आधी सुमारे १४ लाख, मग ६.७ लाख आणि पुढे टोबा ज्वालामुखीच्या उद्रेकाशी जुळवून सुमारे ७५ हजार वर्षे असे वेगवेगळे सांगितले गेले. वय बदलले की तिच्या खालच्या-वरच्या मातीच्या हवामानाचा अर्थही बदलतो. हिमयुगानंतरच्या काळासाठी लोणारच्या तळ्याचा गाळ मदतीला येतो. तिथे गेलुसाइट हे खनिज पाणी फार आटले तेव्हाच स्फटिकरूपाने खाली बसले. त्यावरून सुमारे ४,६०० ते ३,९०० आणि २,००० ते ६०० वर्षांपूर्वीचे प्रदीर्घ कोरडे काळ ओळखले गेले आहेत.

या सर्वांत कोल्हापूरचा आडवा पट्टा मोलाचा आहे, कारण सूत्रे तपासण्याची जागा तीच आहे. अमेरिकेच्या मातीवर बसवलेली समीकरणे बेसाल्टला लावण्याआधी गगनबावडा ते शिरोळ अशा पट्ट्यातील आजच्या मातीवर पारखून घ्यावी लागतात. त्यासाठी कापलेले उभे छेद उघडे आणि शाबूत हवेत. नदीकाठच्या उंच दरडी सपाट करून शेतात घेतल्या जातात, घाटातले बोल सिमेंटच्या लेपाखाली जातात आणि बॉक्साइट काढून झाल्यावर खाणी बुजवल्या जातात. जांभ्याची प्रत्येक खाण बुजवताना माथ्यापासून ताज्या बेसाल्टपर्यंतची तिची निदान एक उभी भिंत, थरांची मोजणी आणि नमुने घेऊन, उघडी राखली जावी.